थायमसमधील पारख

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या किंचित वर वसलेल्या थायमस ग्रंथीला पूर्वी निरुपयोगी मानीत. परंतु 1961 साली जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नवजात उंदरांच्या शरीरातून ती काढल्यावर त्यांची प्रतिकारशक्ती ढासळली, तेव्हा तिची खरी योग्यता कळली. अस्थिमज्जेतून येथे आलेल्या ज्या टी-पेशींचे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांचे, ग्राही शरीराच्या ओळखखुणांशी मुळीच जुळत नाहीत, त्या बाह्य थरातच मरतात. उरलेल्यांसमोर गाभ्यातील पेशी, ‘एअर’ नामक जनुकाच्या हुकमाने, स्वादुपिंडातल्या इन्शुलिनसारखे दूरच्या मुलखातले पदार्थही नमुन्यादाखल मांडतात, आणि त्यांवर जी टी-पेशी तुटून पडू पाहील, ती बहुधा तेथेच आत्मनाश पावते. केवढी ही दक्षता! शेकडा पाचांहूनही कमी पेशी या कसोट्यांतून पार पडून रक्तात उतरतात.