जळक्या तेलाचा वास

घरची मोठी गाडी घेऊन आम्ही बाजाराला निघालो. घाटात जळक्या तेलाचा वास आला. आम्ही गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले, पोरांना खाली उतरवले. इंजिन गार झाल्यावर बॉनेट उघडले. तेलाची पट्टी ओढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेला टेकलेले! मग मिस्त्रीला बोलावले.

इंजिनाच्या वरच्या झाकणाची कड ओली होती. त्याखालचे रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरले होते. तेथून तेल ठिबके, सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडे आणि जळे. मिस्त्रीने नवे पॅकिंग बसवले, सांडलेले तेल पुसले, कमी पडलेले तेल भरले.

पॅकिंग थोडक्यात मिळते. पण तेल संपले, तर इंजिन जाम होते. कधी गाडी पेटतेही. म्हणून असा वास आला, की आधी गाडी थांबवावी.