खिडकीतला कप

स्वयंपाकघरातील भांड्यांकडे आपण पाहतो ते बहुधा ती घासली आहेत की नाहीत एवढ्यापुरतेच. परंतु घरात कोणास कोठवर येऊ द्यावयाचे, याचा हिशेबही भांडीच ठेवीत असतात. साध्या कपबशीचेच पाहा.

पूर्वी आपल्याकडे पाहुण्यास पाणी द्यावयाचे ते तांब्या-पेल्यातून. तांबे-पितळ राखेने वा चिंचेने घासले की शुद्ध झाले, अशी समजूत होती. मातीचे भांडे मात्र विटाळले की फोडून टाकावे, असा रिवाज. भाजलेल्या मातीस सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांत ओलावा मुरतो, हे खरेच आहे; म्हणून तर माठातील पाणी गार होते. पुढे चहाबरोबर चिनी मातीची कपबशी घरात आली आणि सोवळ्याची पंचाईत झाली. हिला मातीच्या पंक्तीस बसवावे की धातूच्या? पुष्कळ जुन्या मंडळींनी तिला मातीतच काढले. वास्तविक अशा कपावर भट्टीत काचेसारखा थर चढविलेला असतो. त्यातून काही आत मुरत नाही. तो तडकला म्हणजे मात्र चहा आत शिरतो आणि तपकिरी रेघ उमटते, ती कितीही घासली तरी जात नाही.

कोणाच्या हातचा चहा प्यावा, हा प्रश्न आपल्या कोल्हापुरात एकदा भररस्त्यात सोडविला गेला. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतील नोकर. पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल त्यांस मारहाण झाली. महाराजांनी त्यांना द्रव्यसाहाय्य करून स्वतंत्र धंदा काढावयास सांगितले. त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान घातले. गिऱ्हाईक कोण येणार! तेव्हा महाराज स्वतः गाडी त्या दुकानापुढे उभी करवून चहा मागवीत व बरोबरच्या मंडळींसही पाजीत. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक विहिरी व धर्मशाळा यांतील शिवाशीव बंद करण्याचे हुकूम काढले, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्या मुलांस सर्वांच्या शाळांत बसविले. हुकूम विहिरीपर्यंत पोहोचतो, शाळेपर्यंत पोहोचतो. गाडीतून उतरून कोणाच्या फडताळापर्यंत जाणे मात्र राजासही साधत नाही. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, ती कायद्याने.

मी पाचवीत असताना एका वर्गमित्राच्या घरी अभ्यासास जात असे. आम्ही ख्रिस्ती, हे त्या घरी ठाऊक होते. चहा सर्वांस मिळे, मलाही मिळे. पण माझा कप कान तुटलेला, आणि पिऊन झाल्यावर मीच तो विसळून मोरीच्या कट्ट्यावर पालथा घालावयाचा. कोणी कधी वाईट शब्द बोलले नाही. मित्राची आई तर मला लाडू बांधून देई. त्यामुळे कित्येक दिवस मला तो कप म्हणजे माझा खास मानच वाटला! अर्थ कळला त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

हे सर्व मी वर्गात अनेकदा सांगितले आहे, आणि सांगताना माझा आवाज थोडा चढतो, हेही मुलांनी पाहिले असेल. गेल्या पावसाळ्यात आमच्या कन्येने भांडी घासणाऱ्या मावशींसाठी चहा गाळला व फडताळातील कपात ओतू लागली. तिच्या आईने सहज म्हटले, “अगं, तो नव्हे, खिडकीतला घे.” मी वर्तमानपत्र वाचीत होतो. खिडकीत एक कप पालथा होता. निळ्या काठाचा, तडकलेला, आत तपकिरी रेघ. वर्षानुवर्षे मी त्या खिडकीशी उभा राहून दाढी करीत आलो आहे.

कन्येने विचारले, “पप्पा, हा कप वेगळा का?”

मी उत्तर जुळवू लागलो : मावशी लवकर येतात, घाईत असतात, कप हाताशी असावा म्हणून... ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. अखेर मी उठून तो कप केराच्या डब्यात टाकला व फडताळातील कपबशी मावशींपुढे ठेवली.

मावशींनी ती घेतली नाही. पदराला हात पुसत त्या खिडकीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “माझा कप कुठं गेला, सर? त्यातच बरं वाटतंय मला.”