पर्थच्या मध्यभागी राखलेले रान

पश्चिम ऑस्ट्रेलियाची राजधानी पर्थ येथे स्वान नदीच्या काठावरील टेकडीवर सुमारे 400 हेक्टरांचे ‘किंग्ज पार्क’ पसरलेले असून, त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग म्हणजे लागवड न केलेले मूळचे झुडपी रान आहे. नूंगार या मूळनिवासींच्या दृष्टीने ही टेकडी प्राचीन काळापासून महत्त्वाची होती. वसाहतकारांनी मात्र तिच्यावरील जारा हे टणक इमारती लाकूड तोडले आणि त्यानंतर, 1870च्या दशकाच्या आरंभी, ही जागा सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवली. उद्यानाचे उद्घाटन 1895 मध्ये झाले व सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त 1901 मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले.

येथील रेताड जमिनीत बँक्सिया वाढतो. त्याच्या लाकडासारख्या कठीण फळांची तोंडे बहुधा वणव्याच्या आचेने उघडतात व बी राखेत पडते. इतर अनेक वनस्पतींचे बी धुरामुळे रुजते. या धुरातील कारक रसायन 2004 मध्ये ज्यांनी ओळखले, त्यांत याच उद्यानातील शास्त्रज्ञ होते, आणि उद्यानाची खरी कीर्ती, हिरवळीपेक्षा, या संशोधनात आहे. महाराष्ट्रातील वेड्या राघूचा एक रंगीत भाऊबंद वसंतात उत्तरेकडून येऊन येथे जमिनीत बीळ खोदून अंडी घालतो. दक्षिण आफ्रिकेतून आलेले व्हेल्ड गवत मात्र झपाट्याने पेट घेते, त्यामुळे वणवे वारंवार लागतात आणि वणव्याला सरावलेले हे रानही त्यापुढे टिकत नाही.