पल्सरचे गॅमा किरण जन्मतात कुठे?

1967 मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर दर 1.337 सेकंदांनी येणारे ठोके दिसले; हा पहिला सापडलेला पल्सर. पुढच्या दोन वर्षांत क्रॅब तेजोमेघातल्या पल्सरची स्पंदनं रेडिओ, दृश्य प्रकाश आणि क्ष-किरणांतही सापडली. हा न्यूट्रॉन तारा सेकंदाला 30 गिरक्या घेतो. त्याच्या किरणांची ऊर्जा येते कुठून, याचा उलगडा लवकर झाला. त्याची एक गिरकी रोज सुमारे 36 नॅनोसेकंदांनी लांबते आणि एवढ्याशा मंदावण्यातून सूर्याच्या तेजाच्या लाखपट ऊर्जा सुटते.

गॅमा किरण नेमके कुठे जन्मतात, हा वाद मात्र चांगला चाळीस वर्षं चालला. फिरत्या चुंबकीय ताऱ्याभोवती प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते पृष्ठभागावरचे विद्युतभारित कण उपसून काढतं, हे गोल्डराइख आणि ज्युलियन यांनी 1969 मध्येच दाखवलं होतं. 1971 मध्ये स्टरॉक यांनी पुढचा धागा जोडला: ध्रुवांजवळ वक्र चुंबकीय रेषांवरून सुसाट धावणारे इलेक्ट्रॉन गॅमा किरण सोडतात, त्यांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या होतात, आणि लोंढा वाढत जातो. 1986 मध्ये चेंग, हो आणि रुडरमन यांनी उगम खूप वर नेला, जिथे ताऱ्याबरोबर फिरायचं तर प्रकाशाचा वेग गाठावा लागेल त्या सीमेकडे. क्रॅबसाठी ही सीमा सुमारे 1,600 किलोमीटरवर आहे.

निकाल लागला तो 2008 नंतर, आणि मला या इतिहासातलं हेच प्रकरण सर्वांत देखणं वाटतं. गॅमा किरण पृष्ठभागाजवळ जन्मत असतील, तर जास्त ऊर्जेचे फोटॉन तिथलं चुंबकीय क्षेत्रच गिळून टाकणार. म्हणजे वर्णपट काही अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे कडा तुटल्यासारखा कोसळायला हवा. फर्मी उपग्रहाने मोजलेला व्हेला पल्सरचा वर्णपट हळूहळू उतरत गेला. ला पाल्माच्या मॅजिक दुर्बिणीने तर क्रॅबची स्पंदनं 25 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर पकडली. ध्रुवाजवळच्या उगमाची कल्पना तिथेच मागे पडली.

पुढच्या कामात नारायणगावजवळच्या खोडदचाही वाटा आहे. फर्मीला दिसलेल्या अनोळखी गॅमा स्रोतांच्या जागी तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने मिलिसेकंद पल्सर, म्हणजे काही मिलिसेकंदांत एक गिरकी घेणारे पल्सर, शोधून दिले. 2017 मध्ये भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने क्रॅबच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं. दोन ठोक्यांमधल्या शांत काळातही ते झपाट्याने बदलत होतं, आणि तेव्हाच्या प्रतिमानांना ते अनपेक्षित होतं.

2023 मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी व्हेलाकडून 20 टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतची स्पंदनं नोंदवली. उगम ताऱ्यापासून दूर आहे, एवढं आता पक्कं. पण कणांना इतका वेग तिथे कसा मिळतो, यावर अजून एकमत झालेलं नाही.