‘सीडीवर उतरवले, आता काळजी नाही’

आपल्या शहरातील समर्थनगरात असो, औरंगपुऱ्यात असो वा सिडकोत, जुन्या दूरदर्शन मालिकांचा संग्रह बाळगणाऱ्या ज्या ज्या घरी जाण्याचा प्रसंग येतो, तेथे हे वाक्य मला ऐकावे लागते. आणि ज्या निश्चिंतपणे ते उच्चारले जाते, तो निश्चिंतपणाच संग्रहाचा घात करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘महाभारत’च घेऊ. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात त्याचे ९४ भाग प्रक्षेपित झाले. पाऊण तासाचा एक भाग धरला, तर तीन तासांच्या कॅसेटवर चार भाग मावत, म्हणजे संपूर्ण मालिकेस चोवीस कॅसेटी लागत. आणि वीज जाण्याची धास्ती बाळगून, रविवारचा नेम न चुकवता, ज्यांनी त्या भरल्या त्यांच्या चिकाटीविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. पुढे याच कॅसेटी दुकानात नेऊन सीडीवर उतरवून घेण्यात आल्या, आणि गैरसमजाचा उगम तेथेच झाला.

बाजारात मिळणारी छापील सीडी आणि अशी भरून घेतलेली सीडी दिसायला सारख्या असल्या, तरी जातीने भिन्न आहेत. पहिलीत माहिती कारखान्यातच सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने प्लास्टिकवर उमटवलेली असते. दुसरीत ती रंगद्रव्याच्या एका पातळ थरात लेसरने नोंदवलेली असते, आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी रंगद्रव्य विटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने ग्रंथपाल व दफ्तरदार यांच्याकरिता २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत चकत्या ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात असे सांगितले आहे. आपल्या शहरात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि आपण चकत्यांचे खोके ठेवतो कोठे, तर स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर! माझ्या स्वतःच्या संग्रहातील तीन चकत्या अशाच गेल्या, आणि त्या गेल्याचे मला कळले ते कित्येक वर्षांनी, कारण मधल्या काळात मी त्या एकदाही लावून पाहिल्या नव्हत्या.

चकचकीत बाजू जिवापाड जपायची आणि नावाच्या बाजूवर बॉलपेनने खुशाल लिहायचे, हीही एक घातक रीत. सीडीत धातूचा थर नावाच्याच बाजूस, केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. पेनचे टोक तेथे रुतले की खालची माहिती गेलीच. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असल्याने तेवढी भीती नाही.

मग करावे काय? पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत, आणि कोणत्या रुमालात काय आहे याची फेरिस्त नसेल तर असलेला कागदही नसल्यासारखाच. घरच्या संग्रहाचेही तसेच आहे. एक नोंदवही ठेवावी. तीत भागाचा क्रमांक, प्रक्षेपणाची तारीख, भाग कोणत्या चकतीवर आहे, नक्कल कोठे आहे आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढे रकाने पुरेत. दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर नकला कराव्यात व त्यांतील एक परगावच्या आप्ताच्या हवाली करावी. फायलींना नावे देताना ‘१’ नव्हे, ‘००१’ लिहावे, कारण पुष्कळ यंत्रे एकानंतर दहा, मग शंभर आणि त्यानंतर दोन असा क्रम लावतात. ‘चार दिवस सासूचे’सारख्या तीन हजारांहून अधिक भागांच्या मालिकेस तर चार अंकच हवेत.

आणखीही काही गैरसमज कानी पडतात. ‘कॅसेट वापरलीच नाही तर ती टिकते.’ नाही; फितीवरचे चिकट द्रव्य पडून राहूनही हवेतील ओल शोषते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. ‘दूरदर्शनवर लागले ते सर्वांच्या मालकीचे.’ मुळीच नाही. १९५७ च्या कायद्यान्वये चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो आणि ध्वनिचित्रमुद्रित मालिकाही त्याच व्याख्येत येतात, तेव्हा खासगी नक्कल वेगळी आणि तिची विक्री वेगळी.

‘मूळ प्रत वाहिनीकडे असणारच’ हे ऐकले की मात्र माझा संयम सुटतो. ब्रिटनच्या बीबीसीने १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या फिती पुढे स्वतःच पुसल्या, आणि तिचे नव्वदहून अधिक भाग आजही गहाळ आहेत. त्या सर्वांचा आवाज मात्र उपलब्ध आहे, तो सामान्य प्रेक्षकांनी घरी मुद्रित करून जपला म्हणून.

तेव्हा येता उन्हाळा लागण्यापूर्वी माळ्यावरचे खोके खाली उतरवा, आणि त्यातील प्रत्येक चकती एकदा शेवटपर्यंत लावून पाहा.