एस्केपची कळ

संगणकावर लिहिणे म्हणजे माऊस धरणे, असा माझा समज होता. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे हा समज दुरुस्त करणारे घरी कोणी नव्हते. गेल्या वर्षी एक जुना लॅपटॉप स्वस्तात मिळाला. त्याची बॅटरी मेलेली आणि गती बैलगाडीची! संगणक कक्षातील एका दादांनी त्यात लिनक्स घालून दिले व म्हणाले, "यावर मोठे प्रोग्राम चालायचे नाहीत. तू टर्मिनलमध्ये विम वापर." काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा कर्सर, बटणे नाहीत, चित्रे नाहीत. त्या विमची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी आमच्या गावातील 62 कुटुंबांची पाण्याविषयीची माहिती गोळा केली होती. टर्मिनलमध्ये देवनागरीची जोडाक्षरे नीट दिसेनात, म्हणून नावे रोमन लिपीत लिहायचे ठरवले. एका भरलेल्या ओळीच्या आरंभी कर्सर होता. तेथे मी 'दादा' हे नाव टाइप केले आणि ती ओळच नाहीशी झाली! उरले फक्त 'दा'. संगणक बिघडला असे वाटले. पण त्याने सांगितलेलेच केले होते. विमच्या दोन मुख्य अवस्था असतात, एक आज्ञेची व दुसरी लेखनाची. आज्ञेच्या अवस्थेत प्रत्येक कळ हा हुकूम असतो. मोठ्या 'डी'ने ओळ शेवटपर्यंत पुसली, पुढच्या 'ए'ने लेखनाची अवस्था सुरू केली, आणि राहिलेली दोनच अक्षरे कागदावर उमटली.

हे वडिलांना सांगितले तेव्हा ते हसले. ते दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. म्हणाले, "आमच्या हाय-लोसारखंच की! दांडा तोच, दुसरा गिअरही तोच. पण लोमध्ये चाल निराळी, हायमध्ये निराळी. आधी कशात आहे ते बघायचं, मग क्लच सोडायचा." इतके सोपे स्पष्टीकरण मला पुढे कोठेही मिळाले नाही. लहान 'आय' दाबला की लेखन सुरू. एस्केप दाबले की पुन्हा आज्ञा. गोंधळ झाला तर डोळे मिटून एस्केप दाबावे. मराठी कळफलक चालू असेल तर मात्र आज्ञा कळत नाहीत. एस्केपनंतर आधी इंग्रजी कळफलकावर यावे लागते.

हे असे विचित्र का, याचे उत्तर इतिहासात आहे. विमचा पूर्वज 'व्हीआय' हा बिल जॉय याने 1976 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे लिहिला. त्याच्यासमोरचे टर्मिनल एडीएम-3ए हे होते. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या अक्षरांवरच डावा, खाली, वर व उजवा असे बाण काढलेले होते. म्हणून आजही विममध्ये याच चार कळांनी कर्सर हलतो. एस्केपची कळ तेव्हा आजच्या टॅबच्या जागी, करंगळीजवळच होती. घरून काम करताना जॉयचा मोडेम सेकंदाला सुमारे 30 अक्षरे आणी. 24 ओळी आणि ओळीला 80 अक्षरे धरली तर पडदा एकदा भरायला मिनिटाहून अधिक वेळ. अशा वेळी एका अक्षरात काम करणारी आज्ञा ही चैन नव्हे, गरज होती.

मला सर्वांत आवडले ते या आज्ञांचे व्याकरण. 'डी' हे पुसण्याचे क्रियापद, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द हे त्याचे कर्म. दोन्ही ओळीने दाबले की शब्द पुसला जातो. मध्ये 3 घातला की तीन शब्द. 'डी' दोनदा दाबले तर पूर्ण ओळ जाते, आणि 'पी' दाबले की तीच ओळ दुसरीकडे ठेवता येते. 'यू'ने चूक मागे घेता येते. पूर्णविराम दाबला की शेवटचा बदल पुन्हा होतो. नवे क्रियापद शिकले की जुन्या सगळ्या कर्मांना ते लागू पडते. (आमच्या व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण चालेल काय, हे मॅडमना विचारायचे धाडस अजून झालेले नाही.)

हे सारे मी नंतर शिकलो. त्या रविवारी मला फक्त 'आय' ठाऊक होता. दुपारपासून टाइप करीत होतो, आणि उत्साहाच्या भरात टाइप झालेले कागद फाडून टाकीत होतो. रात्री 58व्या कुटुंबावर असताना वीज गेली. एकदाही जतन केलेले नव्हते. दोन दिवसांनी प्रकल्प द्यायचा होता. त्या रात्री मी जेवलो नाही.

सकाळी दादांनी तीच फाइल उघडायला सांगितली. पडद्यावर एक लांबलचक इशारा आला. त्यात एक पर्याय होता 'आर', म्हणजे परत मिळवणे. विम लिहितानाच शेजारी एक लपलेली स्वॅप फाइल ठेवतो. 200 अक्षरे झाली किंवा हात चार सेकंद थांबला की तीत नोंद होते. 57 कुटुंबे जशीच्या तशी परत आली! मग त्यांनी जतन करणे शिकवले: एस्केप, कोलन, 'डब्ल्यू', एंटर. बाहेर पडायचे तर कोलननंतर 'क्यू'. बदल टाकून द्यायचे असतील तर त्यापुढे उद्गारचिन्ह. शेवटी ती जुनी स्वॅप फाइल पुसायला लावली, नाहीतर तोच इशारा पुन्हा येतो.

विम लिहिणारे ब्राम मोलेनार हे नेदरलँड्सचे. त्यांनी 1991 मध्ये तो लोकांसाठी खुला केला. पैसे मागितले नाहीत. युगांडातील मुलांना मदत करा, अशी विनंती विमच्या पहिल्या पडद्यावर अनेक वर्षे होती. 2023 मध्ये ते वारले.

58व्या कुटुंबाचे अर्धेच नाव उरले होते. त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा मावशी हंडा खाली ठेवीत म्हणाल्या, "परवाच सांगितलं ना रं सगळं? आता परत काय इचारतोस?"