हिरडीखाली काय चाललंय?

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, हे आपल्याकडे इतकं पक्कं मानलं जातं की त्यासाठी कुणी डॉक्टरांकडे जात नाही. पण निरोगी कुत्र्याच्या तोंडाला घाण वास येत नाही. येतो तो बहुतेक वेळा हिरडीखाली ठाण मांडून बसलेल्या जिवाणूंनी सोडलेल्या गंधकयुक्त वायूंचा.

मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, आपल्यापेक्षा 10 जास्त. घासलेल्या दातांवरही काही तासांतच जिवाणूंचा चिकट थर चढू लागतो. ब्रशने तो सहज निघतो. दोन-तीन दिवस तसाच राहिला, तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचं टणक, पिवळट-तपकिरी कीटण होतं. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असते. त्यामुळे कुत्र्यांचे दात किडतात कमी, पण कीटण झपाट्याने साठतं.

कीटण डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. खरा घात करतात ते हिरडीखाली शिरलेले जिवाणू. त्यांच्याशी झुंजताना शरीराचा स्वतःचाच दाह दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचं हाड झिजवत नेतो. तीन वर्षं ओलांडलेल्या बहुतेक कुत्र्यांत या आजाराची थोडीफार सुरुवात झालेली असते. पॉमेरेनियन, शित्झू अशा लहान जातींना धोका जास्त, कारण एवढ्याशा जबड्यातही दात 42च. त्यांच्या खालच्या जबड्यातली मोठी दाढ जवळजवळ हाडाच्या तळापर्यंत रुतलेली असते. तिच्याभोवतीचं हाड झिजलं, की सोफ्यावरून मारलेल्या उडीनेही जबडा मोडू शकतो. वरच्या सुळ्याच्या आतलं हाड गेलं तर तोंड आणि नाक यांच्यात भोक पडतं. कुत्रा शिंकत राहतो आणि घरची माणसं सर्दीचं औषध देत राहतात. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला, तर सूज येते डोळ्याखाली.

आणि एवढं होऊनही तो जेवत असतो. ‘खातोय ना नीट, मग दुखत नसणार,’ हा घरोघरचा तर्क म्हणूनच फसवा आहे.

ग्रूमिंगसोबत ‘भूल न देता दात स्वच्छ’ अशी जी सेवा विकली जाते, तिच्याबद्दल मला स्पष्टच बोलायचं आहे. जाग्या कुत्र्याला धरून दातांवरचं कीटण खरवडलं जातं. दात पांढरे दिसतात, मालक निश्चिंत होतो आणि आजार हिरडीखाली वाढत राहतो. पशुदंतवैद्यांची ‘अमेरिकन व्हेटरनरी डेंटल कॉलेज’ ही संस्था या प्रकाराच्या विरोधात आहे, ते याचसाठी.

भूल दिल्यावर काय होतं ते पाहा. आधी श्वासनलिकेत नळी बसवतात आणि तिच्या टोकाजवळचा फुगा फुगवतात, म्हणजे पाणी आणि कीटणाचे कण फुफ्फुसात उतरत नाहीत. मग कीटण काढणाऱ्या स्केलर या यंत्राचं काम सुरू होतं. त्याचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं. त्याच्या उष्णतेने दाताचा आतला जिवंत गाभा भाजू नये म्हणून पाण्याची धार सतत चालू असते आणि एका दातावर ते एका वेळी काही सेकंदच टेकवतात. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीच्या खाचेत फिरवली जाते. ती 3 मिलिमीटरपर्यंत गेली तर सहसा ठीक. पण बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या एखाद्या सुळ्याशी ती 7 मिलिमीटर आत जाते आणि कडेला रक्त उमटतं. कितीही गुणी कुत्रा जागेपणी हे करू देणार नाही. शेवटी पॉलिशिंग, कारण स्केलरने उठलेले सूक्ष्म ओरखडे तसेच राहिले तर नवा थर त्यांवर लवकर धरतो.

सळईलाही जे सापडत नाही, ते एक्स-रेत दिसतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1998 मध्ये कुत्र्यांच्या संपूर्ण तोंडाचे एक्स-रे अभ्यासले. नुसत्या तपासणीत काहीच न आढळलेल्या कुत्र्यांपैकीही सुमारे 28 टक्क्यांच्या एक्स-रेत दखल घ्यावी असं काही निघालं. आपल्याकडे ही सोय सगळ्या दवाखान्यांत नाही. तारीख घेण्याआधी विचारून घ्यावं.

‘वय झालंय, भूल झेपायची नाही,’ ही भीती समजण्यासारखी आहे. धोका शून्य नसतोच. पण आधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत कसं चाललंय ते पाहतात, हृदय तपासतात, सलाइन लावतात, भूल असेपर्यंत रक्तदाब आणि ऑक्सिजनवर नजर ठेवतात. एवढी काळजी घेतली जात असेल, तर पू झालेला दात तोंडात ठेवून काढलेली वर्षंच म्हाताऱ्या कुत्र्याला जास्त जड जातात.

स्केलिंग झालं तरी नवा थर त्याच दिवशी चढू लागतो, म्हणून घरी रोज ब्रश हवा. माणसांची पेस्ट वापरू नका. कुत्रा ती गिळतो आणि तिच्यात झायलिटॉल असेल, तर त्याच्या रक्तातली साखर अचानक कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं. कुत्र्यांसाठी चिकनच्या चवीची पेस्ट मिळते. सुरुवातीला ती नुसती बोटावरून चाटू द्या. सवय झाली, की तोंड न उघडता ओठ वर करून बाहेरची बाजू हिरडीच्या कडेने घासा. आतली बाजू जीभ बरीचशी साफ ठेवते. वरच्या मागच्या मोठ्या दाढेवर जास्त वेळ द्या. लाळेची नळी तिच्याजवळच उघडते, त्यामुळे कीटण तिथे लवकर धरतं.

मटणाची नळी चघळून दात साफ होतात, असं म्हणत ती कुत्र्यापुढे टाकणारे खूप आहेत. टणक हाडाने नेमका याच दाढेचा टवका उडतो, कधी आतली नस उघडी पडेपर्यंत. चघळायला काही द्यायचं असेल तर आधी त्यात अंगठ्याचं नख दाबून पाहा. खूण उमटत नसेल तर ते देऊ नका.